पद क्रमांक तीन

पाचोऱ्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. किती मुलं हाताखालून गेली ते आता सांगता येणार नाही, पण ज्यांच्यावर मी अन्याय केला अशी दोन-तीन चांगली लक्षात आहेत. त्यांतली एक चेलना सांखला. अकरावीच्या प्रात्यक्षिकाला झुरळ चिरायचं होतं. बाकीची मुलं नाकाला रुमाल लावून ट्रेभोवती उभी होती आणि ही माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली की मी चिरणार नाही, पण पुस्तकात न बघता आतली सगळी रचना काढून दाखवते. तिनं काढली. अन्ननलिकेपासून चेतासंस्थेपर्यंत सगळं जागच्या जागी. मी तिला दहापैकी चार गुण दिले, कारण प्रात्यक्षिक म्हणजे प्रात्यक्षिक. ती "बरं, सर" म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. रडली नाही, घरून कोणाला घेऊन आली नाही.

तीच चेलना आज धुळ्याला शास्त्रज्ञ आहे. ती जागा तिला कशी मिळाली ते मला तिच्याकडून, तिच्या वडिलांकडून आणि पुढे तिची मुलाखत घेणाऱ्या बाईंकडूनही कळलं, म्हणून सांगतो.

सांखलांचं भांड्यांचं दुकान बाजारपेठेत आहे. चेलनाच्या वडिलांच्या, अभयकुमारजींच्या, पणजोबांनी मारवाडातून येऊन ते घातलं. घरात कोणी नोकरी केलेली नव्हती. दुसऱ्याच्या हाताखाली जाणं त्या घराला कमीपणाचं वाटे. तसं कोणी तोंडावर म्हणत नसे, पण एखाद्या स्थळाची चौकशी करताना "मुलगा नोकरी करतो" असं कळलं की बोलणं आपोआप थंड होई. चेलनानं बारावीनंतर बी.कॉम. करावं आणि लग्न होईपर्यंत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघावं, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

बारावीच्या दिवाळीआधी एक गोष्ट घडली. सांखलांचं गोदाम गावाबाहेर आहे आणि त्याला लागून सुकदेव पाटलाचं शेत. कापूस वेचणी चालू होती. रविवारी दुपारी अभयकुमारजी दिवाळीचा माल काढायला गेले, सोबत चेलना होती. शेतातून ओरडा ऐकू आला. सुकदेवच्या बायकोला, पुष्पाबाईला, घोणस चावली होती. पायावर दोन खुणा, आणि सूज डोळ्यांदेखत वर चढत चाललेली. अभयकुमारजींनी टेंपोतली पातेली तिथंच मातीत उतरवली आणि पुष्पाबाईला मागे झोपवलं. सुकदेव पुढे बसला आणि चेलना मागे, तिचं डोकं मांडीवर घेऊन. जळगाव येईपर्यंत पुष्पाबाई एवढंच म्हणत होती, "पोरी, मना हात सोडू नको."

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पुष्पाबाईचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. चेलनानं विचारलं की हे कशासाठी. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर विष चढलेलं नाही. पाण्यासारखं वाहिलं तर चढलं आहे. सतरा वर्षांची मुलगी वीस मिनिटं त्या नळीसमोर उभी राहिली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली. सापाच्या विषावर देतात ती, प्रतिविषाची. एका कुपीनं भागलं नाही, दहांनी भागलं नाही. पुष्पाबाईच्या किडन्यांवर परिणाम झाला. एकोणीस दिवसांनी ती घरी आली, डाव्या पायानं कायमची लंगडी. सगळे म्हणत होते, वाचली हेच खूप. चेलनाच्या डोक्यात मात्र दुसरंच बसलं होतं. कुपीवर लिहिलं होतं की यात घोणशीच्या विषावरचं औषध आहे. मग एवढं का लागलं? तिनं मला वर्गाबाहेर गाठून विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर तेव्हा पाचोऱ्यात कोणालाच माहीत नव्हतं.

घरी आठ दिवस अबोला झाला आणि शेवटी तिनं बी.एस्सी.ला नाव घातलं. पुढे जळगावहून एम.एस्सी. आणि मग पीएच.डी.साठी पुणे. अभयकुमारजींना लोक विचारत, मुलगी काय करते. ते म्हणत, शिकते आहे अजून. हे उत्तर त्यांनी नऊ वर्षं दिलं.

पीएच.डी.चा विषय तिनं स्वतः निवडला होता. वेगवेगळ्या भागांतल्या घोणशींचं विष सारखं असतं का, आणि एकच प्रतिविष सगळ्यांवर सारखं चालतं का. हे तपासायची तेव्हाची मान्य पद्धत एकच होती. उंदरांना विष टोचायचं, मग प्रतिविष द्यायचं, आणि किती जगतात ते बघायचं. झुरळ चिरायला नाही म्हणणारी मुलगी इथं येऊन अडली. तिनं मार्गदर्शकांना सांगून पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, दुसरी पद्धत असती तर मीच वापरली असती, तू विषय बदल. चेलनाला जळगावची ती नळी आठवत होती. तिनं विषय बदलला नाही. दोन वर्षं तिनं ते काम केलं, नीट केलं, आणि घरी कोणाला सांगितलं नाही.

तिची आजी सज्जनबाई तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या, मुंगी दिसली तर झाडू बाजूला ठेवणाऱ्या. पीएच.डी. झाल्यावर चेलना घरी आली. पेढे वाटले, पाहुणे येऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचं सामायिक, रोजची ध्यानाची बैठक, आटोपल्यावर ती त्यांच्यासमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. आजींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मारवाडीत एकच शब्द विचारला, "कितरा?"

किती, म्हणून. चेलनाला आकडा पाठ होता. तीनशे बारा.

"याद राखजे," आजी म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. रागावल्या नाहीत, माफही केलं नाही. आठवण ठेव, एवढंच सांगितलं.

पुण्यात चेलनाला पुढची फेलोशिप मिळत होती. तिनं ती सोडली आणि धुळ्याच्या एका हॉस्पिटलात डॉ. प्रेमराज यांच्या हाताखाली कंत्राटी संशोधन सहायक म्हणून लागली. तिच्या शिक्षणाच्या मानानं जागा खालची होती. डॉ. प्रेमराज सर्पदंशाचे पेशंट बघत. शिरपूर, साक्री, नरडाणा, सगळीकडून त्यांच्याकडे माणसं यायची. चेलनानं पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं की उंदरांशिवाय ही तपासणी करता येते का, ते मला बघायचं आहे. ते म्हणाले, माझ्याकडे एक खोली आहे आणि एक जुनं यंत्र. बघ.

चार वर्षं तिनं त्या खोलीत काढली. रक्तपेढीत मुदत संपलेला प्लाझ्मा फेकून देतात, तो ती रीतसर परवानगीनं मागून आणायची. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येक खळग्यात थोडा प्लाझ्मा आणि विषाचा सूक्ष्म अंश, आणि वेगवेगळ्या प्रमाणात प्रतिविष. विष प्लाझ्माच्या गोठण्यात किती बिघाड करतं आणि किती प्रतिविषानं तो बिघाड थांबतो, ते यंत्र मोजायचं. पण हे आकडे खरे कशावरून? ते उंदरांच्या आकड्यांशी ताडून बघायला हवेत, आणि त्यासाठी पुन्हा उंदीर मारावे लागणार, असं सगळे म्हणाले. चेलनानं पुण्याच्या आपल्या जुन्या वह्या काढल्या. तीच विषं, तीच प्रतिविषं, तीनशे बारा नोंदी. तिनं एकेक नोंद प्लेटशी ताडून पाहिली. बहुतेक ठिकाणी जुळलं. जिथं जुळलं नाही तिथं का जुळलं नाही, हे शोधण्यात तिचं दीड वर्ष गेलं. एकही नवा उंदीर लागला नाही.

आणि मग ती जाहिरात आली.

पुण्यातली दोन वैद्यकीय महाविद्यालयं, एक विद्यापीठ आणि काही हॉस्पिटलं मिळून एक संयुक्त जैववैद्यक संशोधन संस्था उभी करत होती. मुख्य इमारत पुण्याला, एक केंद्र धुळ्याला. शास्त्रज्ञांच्या पाच कायम जागा. पहिलं पद सिकलसेलसाठी, दुसरं क्षयरोगासाठी, आणि पद क्रमांक तीन, सर्पविष आणि प्रतिविष, नेमणूक धुळे. खाली लिहिलं होतं की संस्थेत कोणत्याही शास्त्रज्ञाची स्वतंत्र प्रयोगशाळा असणार नाही. यंत्रं, नमुने आणि निष्कर्ष सगळ्यांचे समाईक राहतील. आणि पद क्रमांक तीनच्या अटींत शेवटची अट, प्राण्यांवरील प्रयोगांचा अनुभव आणि ते पुढे करण्याची तयारी आवश्यक.

अभयकुमारजींनी ती जाहिरात चष्मा लावून दोनदा वाचली. त्यांना उंदरांचं कळलं नव्हतं. ते वेगळ्याच ठिकाणी अडले होते. त्यांनी विचारलं, सगळं समाईक म्हणजे मालक कोण? चेलना म्हणाली, कोणीच नाही, पपा. त्यांना ते पटेना. सख्ख्या भावांची भागीदारी मोडताना त्यांनी पाहिली होती. ते म्हणाले, मग भांडण झालं तर कोणाकडे जायचं ते विचारून घे.

डॉ. प्रेमराजांनी तिला सल्ला दिला की अनुभव तुझ्याकडे आहे, तेवढाच लिही. तयारीचं मुलाखतीत बघू. मलाही तिनं फोन केला होता. मीही तेच म्हणालो. आम्ही दोघंही तिच्या भल्याचंच सांगत होतो. तिनं अर्जासोबत एक पान जोडलं आणि त्यावर लिहिलं की मला अनुभव आहे, पुढे करण्याची तयारी नाही, कारण खाली देत आहे.

तरीही मुलाखतीला बोलावणं आलं. समितीत पाच जण होते. अध्यक्ष होत्या डॉ. दिपमाला भदाणे, मूळच्या शिंदखेड्याकडच्या, तीस वर्षं औषधांवर काम केलेल्या. चेलनानं आपली पद्धत वीस मिनिटांत मांडली. मग एका सदस्यानं ते पान उचललं. त्यांनी विचारलं की आजच्या नियमानुसार प्रतिविष बाजारात यायचं तर शेवटची तपासणी प्राण्यांवर करावीच लागते, मग तुमच्या पद्धतीचा उपयोग काय. चेलना म्हणाली, शेवटची लागते. आधीच्या शंभर चाचण्या लागत नाहीत. त्या माझ्या प्लेटवर होतील आणि जिथं तीनशे जनावरं लागतात तिथं तीस लागतील.

"आणि ते तीस दुसऱ्या कोणी मारायचे," ते म्हणाले. "म्हणजे हात दुसऱ्याचे खराब झालेले चालतात तुम्हाला."

डॉ. भदाणेंनी मला पुढे सांगितलं की तो प्रश्न त्यांनाही कडक वाटला होता आणि त्या मध्ये पडणार होत्या. पण चेलना तोवर बोलायला लागली होती.

"नाही चालत, सर. आणि माझे हात स्वच्छ आहेत असं मी कुठंच लिहिलेलं नाही. तीनशे बारा माझे आहेत. ते वाया जाऊ नयेत म्हणून मी इथं आले आहे."

त्या सदस्यांनी पान खाली ठेवलं. मग दुसऱ्या सदस्यानं विचारलं की तुमची पद्धत रक्तावर परिणाम करणाऱ्या विषाची. घोणस झाली, फुरसं झालं. नाग आणि मण्यार रक्ताला हातच लावत नाहीत, ते नसांवर जातात. त्यांचं काय करणार? चेलना म्हणाली, मला येत नाही. नसांवरच्या विषाचं काम पुण्याच्या तुमच्याच एका महाविद्यालयात एक गट करतो आहे. मला त्यांच्याजवळ बसायचं आहे आणि त्यांना माझ्याजवळ. एकटीच्या खोलीत जे होणार होतं ते मी चार वर्षांत केलं, यापुढचं एकटीनं होणारं नाही. म्हणून तर हीच जागा मागते आहे.

तुमचा काही प्रश्न, असं शेवटी विचारलं तेव्हा तिनं वडिलांचा प्रश्न पुढे ठेवला. भांडण झालं तर कोणाकडे जायचं? पाचही जण हसले. डॉ. भदाणे म्हणाल्या, अजून ठरलेलं नाही, पण ठरवायला हवं हे खरं.

दीड महिना काही कळलं नाही. मग एके दिवशी संस्थेच्या वेबसाइटवर पद क्रमांक तीनची जाहिरात पुन्हा झळकली. म्हणजे आपण नापास, असं समजून चेलनानं फोन बंद करून ठेवला आणि दिवसभर प्लेटा धूत बसली. संध्याकाळी डॉ. प्रेमराज खोलीत आले आणि त्यांनी आपल्या मोबाइलवर ती जाहिरात तिच्यासमोर धरली. म्हणाले, शेवटची ओळ वाच. शेवटची ओळ नव्हतीच. ती अट काढून टाकली होती.

झालं असं होतं की समितीला चेलनाच हवी होती. पण अट बदलून तिला एकटीलाच घेतलं असतं तर त्या अटीमुळे ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्यावर अन्याय झाला असता. म्हणून डॉ. भदाणेंनी सगळी प्रक्रिया पुन्हा सुरू करायला लावली. चेलनाला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. या वेळी चार नवे उमेदवार होते आणि त्यांतले दोन खरोखर हुशार होते, असं चेलनाच सांगते. एकाशी तर तिची बाहेर बाकावर बसल्या बसल्या मैत्री झाली. अभयकुमारजी दुकानात म्हणाले, एकच माल दोनदा विकावा लागतो आहे पोरीला. पण त्या दिवशी ते स्वतः गाडी घेऊन धुळ्याला गेले, तिला मुलाखतीला सोडलं आणि चार तास बाहेर गाडीत बसून राहिले.

नेमणुकीचं पत्र आलं. अभयकुमारजींनी ते कोणाला मुद्दाम दाखवलं नाही. फक्त त्या आठवड्यात मी दुकानावरून जात होतो तर त्यांनी हाक मारून बसवलं आणि प्लाझ्मा म्हणजे काय, प्रतिविष घोड्यांपासून कसं तयार करतात, आपल्याकडच्या सापांचं विष वेगळं तपासावं का लागतं, हे सगळं मला समजावून सांगितलं. मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. मी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक गिऱ्हाईक कुकर बघायला आलं होतं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं.

चेलनानं आजीला पत्र वाचून दाखवलं. सज्जनबाई आता नव्वदीकडे झुकल्या होत्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. किती माणसं वाचतील, आणि जीव किती जातील. दोन्हींचं नक्की उत्तर आज देता येत नाही, असं चेलना म्हणाली. मग जोवर देता येत नाही तोवर बसू नकोस, असं आजी म्हणाल्या. सुकदेवनं शेतातली वांगी आणि शेंगा टोपलीभर आणून दुकानात ठेवल्या. गल्लीत त्याला कोणी विचारलं की सांखलांच्या घरी काय कार्य आहे, तर म्हणाला, "आमनी पोर शे ती. बठ्ठा खान्देशनं काम करस." सगळ्या खान्देशाचं काम करते, म्हणून.

संस्था सुरू होऊन आता दोन वर्षं झाली. तिथं एक नियम झाला आहे. कोणत्याही गटानं प्राण्यांवरचा प्रयोग मांडला की पहिल्याच पानावर लिहायचं, किती लागतील आणि त्याहून कमी का चालणार नाहीत. हा नियम चेलनानं सुचवला आणि तो सगळ्यांना लागू व्हावा म्हणून पहिलं मत दिलं ते मुलाखतीत तिला तो कडक प्रश्न विचारणाऱ्या सदस्यानं.

गेल्या महिन्यात डोळे दाखवायला मी धुळ्याला गेलो होतो. भडगाव, पारोळा करत एस.टी.नं पोहोचलो, तपासणी लवकर आटोपली, म्हणून न कळवताच केंद्रावर गेलो. लांबलचक टेबल, त्यावर पाच-सहा जणांच्या वह्या, कोणाच्या नावाची पाटी कुठंच नाही. चेलना पुण्याहून आलेल्या रोनक नावाच्या तरुण शास्त्रज्ञाशी तावातावानं बोलत होती. चोपड्याकडच्या काही पेशंटचे आकडे तिच्या प्लेटशी जुळत नव्हते. ती म्हणत होती, नमुना खराब असणार. तो म्हणत होता, नमुना चांगला आहे, तुझं गृहीतक चुकतं आहे. यात रक्तावरच्या विषाबरोबर नसांवरचंही काहीतरी आहे. त्यानं कागदावर आकृती काढली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली की तुझं बरोबर आहे, आणि समाईक वहीत त्या निष्कर्षापुढे तिनं त्याचं नाव लिहिलं. आपलं नाव खोडून नाही. त्याचं वर, आपलं खाली.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला, डोळ्यांचं विचारलं. नवं यंत्र दाखवलं. साक्री आणि शिरपूरच्या पेशंटना आता किती कुप्या लागतील याचा अंदाज डॉक्टरांना आधी कळवता येतो, असं ती म्हणाली, अगदी सहज, जणू बसचं टाइमटेबल सांगावं तसं. दहा मिनिटांत रोनकनं आतून हाक मारली की नवीन प्लेट तयार आहे. ती उठली आणि म्हणाली, सर, पुढच्या वेळी फोन करून या, म्हणजे मी वेळ काढून ठेवीन.

बाहेर येऊन मी रिक्षा केली. बसस्टँड म्हणालो. रिक्षावाल्यानं काही विचारलं नव्हतं, तरी इमारतीकडे हात करून मी त्याला सांगितलं की आत सापाच्या विषावर काम चालतं, आणि ते करणारी मुलगी माझी विद्यार्थिनी आहे. पाचोऱ्याची.